लोहारकामाचे मेळे, छोटा हत्ती आणि नोकरीचा राजीनामा

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका वाचकांनी लांबलचक पत्र पाठवलंय, थोडक्यात सांगते. वय ३६, पिथमपूरला फॅब्रिकेशनच्या कंपनीत, हातात ४२,००० येतात, बायको प्रायव्हेट शाळेत १६,०००, घराचा हप्ता १४,५००, मुलगी तिसरीत. वडिलांची जुनी इंदूरमध्ये लोहारसाळ आहे, वय ६३, अजून विळे-खुरपी करतात. हे शनिवार-रविवार तिथेच हुक, आकडे, विळ्या, सुऱ्या घडवतात, आणि मागच्या वर्षी दोन मेळ्यांत लोकांसमोर भट्टी लावून माल विकला. दहा दिवसांच्या मेळ्यात ५८,००० आले, चार दिवसांच्यात १९,०००. शिवाय शिवजयंतीला एका मंडळाने शिवकालीन लोहारसाळ उभी करायला बोलावलं, दिवसाचे ३,००० दिले. आता म्हणतात दिवाळीनंतर नोकरी सोडतो, ३ लाखांचं पर्सनल लोन काढतो १४ टक्क्यांनी, त्यात सेकंडहँड छोटा हत्ती टेम्पो २.१० लाखांचा आणि पॉवर हॅमर, म्हणजे विजेवर ठोकणारा हातोडा, ९० हजारांचा, "महिन्याला दोन मेळे धरले तरी लाखभर सुटतात ना ताई?"

नाही सुटत दादा. तुम्ही गल्ल्यात आलेले पैसे मोजलेत, हातात राहिलेले नाही.

तुमचेच आकडे घेऊ. ५८,००० मधून स्टॉलचं भाडं १२,०००, गाडी ४,०००, पोऱ्याचे रोज ५०० प्रमाणे ५,०००, लोखंड-कोळसा ६,०००. राहिले ३१,०००. वाईट नाहीच. पण तुम्ही लिहिलंय की साधारण २४० नग गेले, आणि एक नग घडवून, घासून, जवसाचं तेल लावून तयार व्हायला वीस मिनिटं लागतात, म्हणजे ८० तास, म्हणजे रोजचे आठ तास धरले तर दहा दिवस नुसतं घडवण्यात गेले आणि दहा दिवस विकण्यात. वीस दिवसांचे ३१,०००. महिन्यात दोन मेळे करायचे तर त्याच महिन्यात वीस दिवस घडवायचं आणि वीस दिवस स्टॉलवर उभं राहायचं, तेवढे दिवस कुठल्या कॅलेंडरात आहेत? आत्ता जमलं कारण माल सहा-सात वीकेंड साठवलेला होता. आणि जूनच्या मधल्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पावसात उघड्यावर कोण मेळा भरवतोय, हप्ता मात्र जुलैतही येणार.

तुम्हाला वाटतं मेळे वाढले की पैसा वाढेल, म्हणून गाडी घ्यायचीय. मला वाटतं तुमची खरी अडचण तयार मालाची आहे. तयार माल जेवढा, तेवढीच विक्री.

दुसरी गोष्ट प्रात्यक्षिकाची. मागच्या मे महिन्यात मालवा उत्सवात, लालबागला, मी एका लोहाराच्या स्टॉलसमोर अर्धा तास उभी होते (तुम्ही नव्हतात, बहुतेक). तीन-तीन रांगा गर्दी. त्याने सळई काढली, नारिंगी झालेली, ऐरणीवर चार-पाच ठोके, ऐरणीच्या निमुळत्या टोकावर वळवली, परत भट्टीत, परत ठोके, शेवटी पाण्यात चर्रर्र. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी व्हिडिओ काढले आणि सगळे पुढे भुट्ट्याचा कीस खायला गेले. माल मागे चटईवर, एकावरही किंमत नाही, त्याची बायको मुलाला घेऊन बसलेली. मला एक हुक हवा होता तर मी तीनदा विचारलं, तो भट्टीतून मान वर काढीना, आणि काढणार तरी कसा, नजर हलली तर सळई जळते. शेवटी १५० दिले आणि घेतला. माझ्याआधी दोघी नुसत्या हातात घेऊन ठेवून गेल्या होत्या.

आमच्या सासूबाई एका जत्रेत गरम चकल्या तळायच्या तेव्हा हेच झालं होतं, वासाने गर्दी जमायची आणि पैसे घ्यायला माणूस नसायचा. दुसऱ्या वर्षी मला गल्ल्यावर बसवलं, तेव्हा धंदा झाला.

म्हणून भट्टी दिवसभर चालवू नका. संध्याकाळी पाच, साडेसहा आणि आठ, वीस-वीस मिनिटं, पाटीवर वेळ लिहून. उन्हात तसाही लोखंडाचा रंग ओळखता येत नाही हे मला सांगायची गरज नाही. खेळ संपला की तुम्ही स्वतः हातोडा ठेवून गिऱ्हाइकाशी बोला, आणि समोर घडवलेला हुक त्याच्या नावाचे ठसे मारून द्या, दोन मिनिटांचं काम आहे आणि शंभर रुपये जास्त सुटतात. गल्ल्यावर घरचं माणूस. पोऱ्या चालतो पण घरचं माणूस घासाघीस नीट करतं.

आता मंडळाचं काम. इथे तुम्ही उलटा हिशोब केलाय असं मला वाटतं, कारण पत्रात त्याला एकच ओळ दिलीय. दोन दिवसांचे ६,०००, जेवण त्यांचं, स्टॉलभाडं नाही, आणि एकही नग आधी घडवावा लागत नाही. माल खपवायचा ताणच नाही. म्हणजे मेळा हा दुकानदारी आहे आणि शिवकालीन कार्यक्रम ही फी आहे, दोन्ही एका वहीत लिहू नका. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, ३१ मेची अहिल्याबाईंची जयंती, रायगडावरचा ६ जूनचा राज्याभिषेक, पानिपतला १४ जानेवारी, असं इतिहासाचं कॅलेंडर धरून आयोजकांना तीन महिने आधी विचारा. फक्त शिवकालीन म्हटलं की इलेक्ट्रिक ब्लोअर आणि ग्राइंडर चालत नाही, कोणीतरी फोटो काढून टाकतंच. हातभाता लागेल, तो ओढायला वेगळा माणूस लागेल. त्याचे पैसे फीमध्ये धरा, ३,००० मध्ये दोघं परवडत नाहीत, ५,००० सांगा.

आणि तिथे एक गोष्ट हमखास होणार, तलवारीच्या ऑर्डरी. मोहात पडू नका. घरगुती किंवा शेतीच्या वापराचं नसलेलं, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार शस्त्र कायद्याखाली येतं, ते बनवायला-विकायला लायसन्स लागतं. "बिनधारेची आहे, शोसाठी आहे" हे ठाण्यात समजावत बसण्यापेक्षा विळी विका. बाहेरच्या राज्यात माल नेणार असाल तर आधी सीएला विचारा, लोखंडाच्या कलावस्तूंना हस्तकला म्हणून जीएसटी रजिस्ट्रेशनमध्ये सवलत आहे पण सुरी-कोयता त्यात धरून चालू नका.

आता कर्ज. ३ लाख, १४ टक्के, तीन वर्षं म्हणजे हप्ता १०,२५० च्या आसपास, घराचा धरून पावणेपंचवीस हजार, आणि त्या वेळी पक्की आवक बायकोची १६,०००. हे मी दोनदा वाचलं, म्हटलं माझं काहीतरी चुकतंय. गाडी अजिबात नको. वर्षात सहा मेळे केले तरी भाड्याच्या गाडीला २४,००० लागतात, २.१० लाख अडकवून वर इन्शुरन्स, टायर आणि पार्किंगची भांडणं कशाला. हॅमरचा विचार करता येईल, पण दहा एमएमच्या सळईच्या हुकांना तो काय फार मदत करणार? गाडीचा जुना कमानपट्टा ताणून कोयते, कुऱ्हाडी करायच्या असतील तर वेळ वाचेल. मग आधी बघा की त्या २४० नगांत हुक किती आणि जड माल किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वडिलांच्या साळीत थ्री फेज वीज आहे का आणि शेजारी ठकठक सोसतील का, तेही.

हॅमर घ्यायचाच ठरला तर १४ टक्क्यांनी नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत, सप्टेंबर २०२३ पासूनची, अठरा व्यवसायांत लोहार आहे. वडील खरोखर तेच काम करतायत. कुटुंबातल्या एकालाच मिळते, पण त्यात नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं एवढंच धरतात, तुम्ही वेगळे. पाच-सात दिवसांचं ट्रेनिंग, त्याचे दिवसाला ५००, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, आणि ट्रेनिंगनंतर तारणाशिवाय पहिलं १ लाख ५ टक्क्यांनी, १८ महिन्यांत फेडायचं, हप्ता साधारण ५,७८०. पाच वर्षांत त्यांनी स्वरोजगाराचं दुसरं सरकारी कर्ज घेतलेलं नाही ना, तेवढं बघा. नोंदणी सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते.

राजीनाम्याबद्दल. कंपनीत चार वर्षं पाच महिने झालीत असं लिहिलंय. पक्क्या नोकरीत सहसा पाच पूर्ण झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही, तुमच्या २१,००० बेसिकवर ती ६०,००० च्या वर जाते, आणि पीएफसुद्धा पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो. सात महिन्यांसाठी एवढं सोडायचं? कंपनीचा मेडिक्लेमही नोकरीबरोबर जाणार, आणि तुमचं काम आगीचं आहे, म्हणून स्वतःचा फॅमिली फ्लोटर (घरातल्या सगळ्यांचा एकत्र आरोग्य विमा) आणि अपघात विमा आधी, राजीनामा नंतर. ठिणगी उडून कोणाच्या पोराला लागली तर काय, यासाठी पब्लिक लायबिलिटी कव्हरही विचारा, आणि तोपर्यंत दोरी लावून गर्दी सहा फूट मागे ठेवा.

या सात महिन्यांत दोन मेळे आणि मिळतील तेवढी फीची कामं करा, रजा घेऊन, आणि वहीत नग, तास आणि रुपये वेगवेगळे लिहा. खर्च जाऊन घडवण्याचा आणि विकण्याचा एकेक दिवस १,६०० ला पडायला लागला की परत लिहा, कारण ४२,००० पगार, सव्वीस दिवस, तेवढ्यालाच पडतो. आत्ता तुमचे ३१,००० भागिले वीस म्हणजे १,५५० आहेत, फार लांब नाही, पण पगार पावसातही येतो.

एक राहिलं. विश्वकर्माचं कर्ज वडिलांच्या नावावर असेल, हॅमर त्यांच्या साळीत बसेल आणि हप्ता बहुतेक तुम्ही भराल. पत्रात तुमच्या तीन पानी प्लॅनमध्ये त्यांचं मत कुठेच नाही. ६३ व्या वर्षी ट्रेनिंगच्या वर्गात जाऊन बसायला ते तयार आहेत का, हे आज रात्री जेवताना विचारून टाका.