बाहेरून अल्पशिक्षित मजूर आले की स्थानिकांची मजुरी पडते का? त्यांना रोखलं तर ती वाढते का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण अमेरिकेत हे करून झालं आहे.

१९४२ पासून ‘ब्रासेरो’ करारानुसार मेक्सिकोचे मजूर हंगामापुरते अमेरिकेतल्या शेतांवर यायचे. त्यांच्यामुळे आपल्या शेतमजुराला भाव मिळत नाही, या कारणासाठी १९६४ च्या अखेरीस करार बंद केला गेला. अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी नंतर राज्यवार मजुरी तपासली. जिथे ब्रासेरो भरपूर होते आणि जिथे नव्हतेच, तिथली मजुरी जवळपास सारखीच वाढत राहिली. करार संपल्याचा स्थानिकांना काही फायदा दिसला नाही.

कारण शेतमालकांनी वेगळी वाट धरली. टोमॅटो तोडायचं यंत्र आणि त्याचे धक्के सोसणारं टणक वाण, दोन्ही डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार होतं. माणसं स्वस्त होती तोवर त्याला फारशी मागणी नव्हती. करार संपला आणि काही वर्षांतच कॅलिफोर्नियातला प्रक्रियेसाठीचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्रानं निघू लागला. अ‍ॅस्परॅगससारख्या (कोवळ्या कोंबांची भाजी) पिकाला यंत्र नव्हतं, तिथे उत्पादनच घटलं.

आता मजूर येतात तेव्हाचं. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सव्वा लाख लोक बोटींनी आले आणि मायामीतले कामगार एकदम सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. याचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना स्थानिकांची मजुरी पडलेली दिसली नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी फक्त शाळा अर्धवट सोडलेले पुरुष वेगळे काढले, तर मोठी घसरण दिसली; पण तो नमुना फारच लहान होता, म्हणून मला कार्ड यांचं म्हणणं जास्त पटतं. आलेला माणूस घरभाडं भरतो, किराणा घेतो, त्यातून कामही निघतं. झळ बसलीच तर ती आधी आलेल्या स्थलांतरितांना, कारण नव्यांची स्पर्धा थेट त्यांच्याशीच असते. त्यांचं नुकसान खरं आहे आणि ते झटकून टाकू नये.

पण माझ्या मते मजुरी दाबणारी खरी गोष्ट संख्या नव्हे, मजुराचे बांधलेले हात आहेत. ब्रासेरो एकाच मालकाशी बांधलेला असे. पटलं नाही तर शेजारच्या शेतावर जायची त्याला मुभा नव्हती. हात मोकळे असलेले मजूर काय करू शकतात ते करार संपल्यावर दिसलं: १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले आणि १९७० मध्ये मळेवाल्यांना युनियनशी करार करून मजुरी वाढवावी लागली. अमेरिकेतला आजच्या हंगामी शेतमजुरांचा एच-२ए व्हिसाही मजुराला एका मालकाशीच जखडतो. मजुरीची काळजी असेल तर आधी ही अट काढायला हवी.