टॅक्स कमी केला तर सरकार चालायचं कसं?

प्रश्न: तुम्ही सारखं लिहिता की टॅक्स कमी करा, सरकारचा खर्च आटपा. मग रस्ते, शाळा, दवाखाने काय आभाळातून पडणार का? मी पण पगारदार आहे, टॅक्स कापला की माझ्याही पोटात दुखतं, पण तुमचं पटत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर: अहो, सरकार बंद करा असं कुठं म्हणतोय मी! पोलीस, कोर्ट, रस्ते, शाळा हे सरकारने बघावंच, आणि जरा धड बघावं. भांडण आहे ते बाकीच्या पसाऱ्याशी. विमान कंपनी कशाला हवी होती सरकारला? जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, तोवर तिचा तोटा कोण भरत होतं, तर जन्मात विमानात न बसलेला माणूससुद्धा, साबण-काडेपेटीवरच्या टॅक्समधून.

आणि रेट चढवला की तिजोरी भरते हेही काही खरं नाही. 1973-74 ला इन्कम टॅक्सचा वरचा रेट होता 97.75 टक्के. म्हणजे 2 लाखांच्या वर 100 रुपये कमावले की हातात सव्वादोन! कोण कशाला कमवेल, आणि कमावले तर दाखवेल कशाला? अर्थमंत्री आपले यशवंतराव चव्हाण, रेट इथवर चढला तो त्यांच्याच काळात आणि पुढच्या बजेटमध्ये 77 वर उतरवला तोही त्यांनीच. 1997 ला चिदंबरम यांनी तो 30 वर आणला.

तीच गंमत आजही दुकानात बघा ना. परवा बाथरूमच्या टाइल्स घ्यायला गेलो, दुकानदार हळूच म्हणाला, साहेब पक्कं बिल पाहिजे का, मग 18 टक्के वर लागतील. (घेतलं हो पक्कं, पण जिवावर आलं.)

आता तुमच्या बाजूचं एक कबूल करतो. नुसता टॅक्स कमी केला आणि खर्च तसाच ठेवला तर ती टॅक्सकपात नाहीच, उधारी आहे, आज नाही तर उद्या तुमच्याच पोरांकडून वसूल होणार. 2025-26 च्या केंद्राच्या बजेटमध्ये 50.65 लाख कोटी खर्च, त्यात नुसतं व्याज 12.76 लाख कोटी. रुपयातले 25 पैसे गेले, ना रस्ता ना दवाखाना, आधीच्या कर्जाचं व्याज फक्त! म्हणून बजेटच्या दिवशी घरातले सगळे स्लॅब बघत असतात तेव्हा मी आधी वित्तीय तूट शोधतो, म्हणजे कमाईपेक्षा जास्तीचा, उधारीने भागवायचा खर्च, त्या वर्षी ती जीडीपीच्या (देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पादनाच्या) 4.4 टक्के धरली होती, आणि स्लॅब काय ते चहा झाल्यावर बघतो.