वाचकांचे प्रश्न: हॉस्पिटल हलवायच्या आधी विचारणार की नंतर?

प्रश्न: ताई, आमच्या छोट्या सरकारी हॉस्पिटलमधला डिलिव्हरीचा वॉर्ड आणि रात्रीची इमर्जन्सी बंद करून सगळं मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं चाललंय. आता "जनतेची मतं जाणून घ्यायला" मिटिंग ठेवलीये. निम्मे लोक म्हणतात सगळं आधीच ठरलंय, जाऊन काय उपयोग. मी जाऊ का? आणि गेले तर बोलू काय?

उत्तर: जा, नक्की जा, आणि उभं राहून पहिला प्रश्न हाच विचारा की निर्णय झालाय की व्हायचाय. व्हायचा असेल तर कुठल्या कुठल्या पर्यायांवर विचार चाललाय ते सगळे आमच्यासमोर मांडा म्हणावं, कारण एकच पर्याय दाखवून मत मागितलं तर ते मत विचारणं नव्हे, नुसतं कळवणं झालं.

1985 साली लंडनच्या ब्रेंट भागात शाळा बंद करण्यावरून कोर्टात केस झाली होती, त्यात स्टीफन सेडली नावाच्या वकिलांनी चार गोष्टी मांडल्या आणि कोर्टाने त्या मान्य केल्या. प्रस्ताव कच्चा असतानाच विचारायचं, लोकांना समजून उमजून बोलता येईल इतकी कारणं द्यायची, विचार करायला पुरेसा वेळ द्यायचा आणि जे ऐकलं ते निर्णय घेताना खरोखर लक्षात घ्यायचं. केस शाळांची होती पण पुढे ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांच्या वादातही हीच फूटपट्टी लागली, 2014 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली. तुमच्याकडचा कायदा काहीही असो, या चार गोष्टी कागदावर लिहून न्या आणि एकेक करून विचारा.

आता बोलायचं काय? तुमचं रोजचं जगणं सांगा, तेच आमच्या फायलीत नसतं. मी स्वतः अशा मिटिंगांमध्ये स्टेजवर बसलेय. एकदा डायलिसिसचं सेंटर दुसरीकडे हलवायचं होतं, भिंतीवर नकाशा लावलेला, त्यावर गोल काढलेले, आणि आमचे साहेब सांगत होते की अंतर फार नाहीये. शेवटच्या रांगेतल्या एक बाई उठल्या, हाताला पट्टी तशीच होती, म्हणाल्या, "साहेब, मी आठवड्यातून तीनदा येते, चार चार तास मशीनवर असते, उठले की डोळ्यापुढे अंधारी येते, मला एवढंच सांगा की तिथून शेवटची बस किती वाजता सुटते?" कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि त्या प्लॅनवर मी कित्येक महिने काम करत होते! नकाशावर किलोमीटर होते हो, पण बस बदलायला लागणारा वेळ नव्हता, सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी नव्हती. त्या एका प्रश्नामुळे लांबून येणाऱ्यांना सकाळच्या पाळ्या द्यायचं ठरलं. सेंटर हललंच, पण त्या बाई दिवसाउजेडी घरी पोचायला लागल्या.

म्हणून मोघम बोलू नका. "आमच्यावर अन्याय होतोय" याच्यापुढे अधिकाऱ्याला लिहून घेण्यासारखं काही नसतं, पण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर अँब्युलन्स कुठून निघणार, पोचायला किती वेळ लागणार, ती दुसऱ्या पेशंटकडे गेलेली असेल तर काय, हे विचारलंत तर त्यांना उत्तर शोधावंच लागतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, राग मानू नका. जवळचं बंद होणं म्हणजे दर वेळी वाईटच असं नसतं. लंडनमध्ये पूर्वी तीसेक हॉस्पिटलं स्ट्रोकचे, म्हणजे पक्षाघाताचे, पेशंट घ्यायची, 2010 मध्ये सुरुवातीचे उपचार फक्त 8 सेंटरमध्ये आणले, लोकांनी विरोधही केला, पण मृत्यू कमी झाले, कारण तिथे चोवीस तास स्कॅन आणि तज्ज्ञ तयार असतात आणि गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. डिलिव्हरीचंही तसंच आहे, दारावर पाटी आहे पण रात्री भूल देणारा डॉक्टरच नाही तर ती पाटी बाईचा जीव वाचवत नाही. हिशोब करून बघा ना, आठवड्याचे तास 168, एक माणूस 48 तास राबला तरी साडेतीन माणसं लागतात, त्यात सुट्ट्या आणि आजारपणं धरली की एकाच जागेसाठी किमान चार-पाच जण हवेत. तर आत्ता आमच्याकडे किती आहेत, भरतीची जाहिरात कधी काढली होती, पदं रिकामी का राहिली, हे मागून घ्या. माणसं मिळत नाहीत म्हणून बंद करताय की पैसे वाचवायला, हे लोकांना खरंखरं कळलं पाहिजे, दोन्हीवरचे उपाय वेगळे असतात.

आणि मिटिंग दुपारची असेल तर संध्याकाळी अजून एक घ्या म्हणून आजच पत्र द्या. ज्यांना हा वॉर्ड सगळ्यात जास्त लागतो त्या कामावर असतात किंवा पाचव्या-सहाव्या महिन्यात घरी असतात, त्यांच्याकडे कोणीतरी जाऊन विचारलं पाहिजे.

प्रश्न: मोर्चे, सह्या, याने कधी काही झालंय का हो?

उत्तर: झालंय, पण उशीर झाला की हातात कमी पडतं. इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरला 2000 साली इमर्जन्सी बंद केली, लोक इतके चिडले की 2001 च्या निवडणुकीत तिथलेच निवृत्त डॉक्टर रिचर्ड टेलर अपक्ष उभे राहिले आणि 17 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले, मंत्रिपदावर असलेल्या माणसाला हरवून. नऊ वर्षं खासदार होते. तरी पूर्वीची इमर्जन्सी काही परत आली नाही.

लंडनमधल्या लुइशमचं उलटं. शेजारचा ट्रस्ट, म्हणजे तिथली सरकारी हॉस्पिटलं चालवणारी संस्था, कर्जात बुडाला म्हणून लुइशमच्या चांगल्या चाललेल्या हॉस्पिटलमधल्या सेवा कापायचं ठरलं, हजारो लोक रस्त्यावर आले, पण त्याच वेळी कोर्टातही गेले, आणि 2013 मध्ये हायकोर्टाने आणि नंतर अपील कोर्टानेही सांगितलं की मंत्र्यांना तसा अधिकारच नव्हता. तिथे अजून काही बंद झालेलं नव्हतं, हा सगळ्यात मोठा फरक. सह्या गोळा करा, जरूर करा, पण सोबत एक माणूस असा बसवा जो फक्त कागदपत्रं वाचेल.

प्रश्न: मला समितीवर घेतलंय, पण मिटिंगला फक्त सही करायला बोलावतात.

उत्तर: तुम्ही एकटेच असाल ना? दहा अधिकाऱ्यांमध्ये एक नागरिक बसवला की असंच होतं. ब्राझीलने 1990 च्या कायद्यात आरोग्य परिषदांवर निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांना दिल्या, गावापासून देशापर्यंत. तिथेही कुरबुरी आहेत, पण निम्मे लोक समोर बसलेले असले की "पुढचा विषय" म्हणून पान उलटता येत नाही. तोवर तुम्ही एवढं करा: कागद सात दिवस आधी हातात पडल्याशिवाय सही करू नका, तुमचा विरोध तुमच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मागच्या वेळी आम्ही सांगितलं त्याचं काय झालं हा विषय दर मिटिंगच्या अजेंड्यावर पहिला ठेवायला लावा.