सरासरी गाठली, मग सोयाबीन का वाळलं?

पावसाने ओढ दिली की पत्रं येतात आणि निम्म्यांत ‘ग्रुपवर वाचलं’ असतं. मराठवाड्यातून आलेले काही प्रश्न आज घेतो.

एल निनो येतोय. म्हणजे दुष्काळ नक्की ना?

नाही. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं. १९९७ला तो जबर होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला.

तालुक्यात पावसाने सरासरी ओलांडली, तरी सोयाबीन वाळलं. आकडे खोटे असतात का?

आकडे खरे आहेत, तुम्ही भलताच आकडा बघताय. ही शंका दरवर्षी येते, म्हणून सविस्तर सांगतो. सरासरीशी ताडतात ती जून ते सप्टेंबरची बेरीज. निम्मा पाऊस चार दिवसांत कोसळून ओढ्याने निघून गेला, तरी बेरजेत तो पुरता धरला जातो. पिकाला बेरजेशी काय देणंघेणं? शेंगा भरताना मुळाशी ओल हवी. २०२३चा ऑगस्ट आठवा: देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा, तूट ३६ टक्के. त्यात उष्णतेची भर. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते आणि ते मातीतून, पिकातून ओढते. म्हणून पावसाचा खंड पूर्वीइतक्याच दिवसांचा असला तरी रान लवकर सुकतं. दुष्काळ मोजणाऱ्या, निव्वळ पावसावर बेतलेल्या एसपीआय निर्देशांकात हे दिसतच नाही, बाष्पीभवन धरणाऱ्या एसपीईआयमध्ये दिसतं. शिवाय मुरमाड रान आणि खोल काळं रान बांधाला बांध लागून असलं तरी दोघांचा धोका वेगळा. तेव्हा तालुक्याची टक्केवारी सोडा. महसूल मंडळाच्या पावसाच्या रोजच्या नोंदी मिळतील तितक्या वर्षांच्या काढा, ऑगस्टमधले खंड मोजा आणि मातीची खोली सांगून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. बियाणं त्यानंतर ठरवा.

पुढे मान्सूनचा पाऊस वाढणार म्हणतात. मग काळजी मिटली? एक कंपनी आमच्या गावाचा २०५०चा दुष्काळ-अहवाल विकतेय, घ्यावा का?

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालात दूरच्या काळासाठी पाऊसवाढ आहे, पण वर्षावर्षातली तफावत वाढण्याचाही अंदाज आहे. तफावत म्हणजे काय ते लातूरकरांना विचारा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. पाऊस वाढला आणि उसाखालचं रानही वाढलं, तर हाती काय उरलं? अहवालाचं म्हणाल, तर हवामानाच्या जागतिक संगणकीय मॉडेलची एक चौकट कित्येक किलोमीटरांची असते. त्यातून तुमच्या गावाचा धोका दशांशात काढून देणारा निव्वळ धंदा करतोय. मॉडेलं किती, पुढे हरितवायू किती सोडले जातील याचं गृहीतक कोणतं, हे लेखी मागा आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या हवामान विभागाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाणाड्याने जागा दाखवली. बोअरवाला म्हणतो, आठशे फुटांवर हमखास पाणी.

हमखास आहे ते त्याचं बिल, तो फुटावर पैसे घेतो. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं. खोल गेलं म्हणजे जास्त लागतं असं नाही. भूजल कायद्यात खोल विहिरींवर निर्बंधही आहेत. आधी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेत जा.

दुष्काळ जाहीर होईपर्यंत थांबावं का?

मुळीच नाही. २०१८चे १५१ तालुके आणि २०२३चे ४०, दोन्ही घोषणा ३१ ऑक्टोबरच्या. तोवर सोयाबीनचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. केंद्राच्या दुष्काळ संहितेत सलग तीन-चार आठवडे पाऊस सरासरीच्या निम्म्याहून कमी असेल तर तो खंड धरतात. तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात तालुका कृषी अधिकाऱ्यांना गाठा, विम्याच्या अटीही तिथेच विचारा.