बेळगावच्या साडी-दुकानाची वेबसाइट: गुगल की इन्स्टाग्राम?

वडगावच्या हातमागाच्या साड्यांची वेबसाइट केलीय, पण कोणी फिरकत नाही; पैसा गुगलवर घालावा की इन्स्टाग्रामवर, असं तुम्ही विचारलंय. आधी गुगल. तेही फुकटातलं.

सर्च कन्सोल हे गुगलचं फुकट साधन वेबसाइटला जोडा. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत येतात ते तिथं दिसतं. २०१४ साली शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं, पण कोल्हापूर-पुण्याचं गिऱ्हाईक 'बेळगाव'च शोधतं, इंग्रजीत तर बरेच जण अजून 'बेलगाम' लिहितात. म्हणून मजकुरात ही नावं सहज येऊ द्या. कोंबू नका, गुगलला ते कळतं. प्रत्येक साडीला वेगळं पान हवं: सूत, काठ, लांबी, किंमत. 'सुंदर साडी' असं कोण शोधतं हो? मराठी आणि कन्नड पानं वेगळी ठेवा, मशीनचं भाषांतर तसंच चिकटवू नका.

फोटो हलके करा, नाहीतर खानापूरकडच्या मोबाइलवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती बायोत, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत टाका. मागावरचा छोटा व्हिडिओ चालतो. लाइक वाढले म्हणून गुगलवर थेट वर जाल असं नाही. फॉलोअर विकत घेऊ नका, ते साडी घेत नाहीत.