मूकपटांतली आणि रंगमंचावरची विनोदी नटी मेरी ड्रेसलर बोलपट आल्यावर टिकली का?

नुसती टिकली नाही, साठी ओलांडल्यावर ती हॉलिवूडची सर्वाधिक गल्ला जमवणारी तारका झाली!

जन्म १८६८, कॅनडातल्या कोबर्गचा. चौदाव्या वर्षी घर सोडून ती फिरत्या नाटक कंपनीत गेली. पुढे न्यूयॉर्कची ब्रॉडवे रंगभूमी आणि व्हॉडव्हिल, म्हणजे गाणी, नकला, कसरती असा सगळा मसाला एकाच खेळात. १९१४ च्या 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स' या मूकपटाची नायिका तीच. चॅप्लिन त्यात तिला फसवणारा भामटा आहे.

१९१९ च्या नटांच्या संपात ती कोरसमधल्या, म्हणजे मागे समूहात नाचणाऱ्या-गाणाऱ्या, कलाकारांच्या संघटनेची पहिली अध्यक्ष झाली. मला हे तिच्या ऑस्करइतकंच मोलाचं वाटतं. नंतर बरीच वर्षं कामच मिळेना. १९२७ मध्ये पटकथाकार फ्रान्सिस मॅरियनने तिला पडद्यावर परत आणलं आणि 'मिन अँड बिल'साठी ऑस्कर मिळालं. १९३४ मध्ये कर्करोगाने ती गेली.

'डिनर अ‍ॅट एट'चा (१९३३ चा बोलपट) शेवट जरूर बघा. पुस्तकांशी संबंध नसलेल्या तरुणीच्या भूमिकेतली जीन हार्लो म्हणते, "परवा मी एक पुस्तक वाचत होते," आणि ड्रेसलर चालता चालता जागीच थबकते. तोंडातून शब्द निघण्याआधीच हशा वसूल! मूकपटातली सगळी कमाई त्या एका थबकण्यात दिसते.