स्वतंत्र निर्मात्याने आपले मानधन कसे ठरवावे
पहिल्या चित्रपटाचे अंदाजपत्रक मांडताना नवे निर्माते बहुधा स्वतःच्या मानधनाचा रकाना कोरा ठेवतात. हा संकोच गुंतवणूकदारालाही खटकतो, कारण विनामोबदला राबणारा माणूस मध्येच दुसरे काम धरील, ही शंका त्याच्या मनात येतेच. म्हणून लेखक-दिग्दर्शकांच्या मानधनाशेजारीच आपला आकडा उघडपणे दाखवा. एकूण खर्चाच्या 5 टक्क्यांच्या आसपासच्या रकमेपासून बोलणी सुरू करायला हरकत नाही. मात्र आकस्मिक खर्चाची तरतूद आणि व्याज धरून ती काढायची की वगळून, हे आधीच लिहून घ्या. सहनिर्माते असतील तर सहसा याच रकमेचे वाटे पडतात.

पैसा कमी पडू लागला की सर्वांत आधी तुमच्याच मानधनाला कात्री लावण्याची सूचना येईल. त्यातला काही भाग पुढे ढकलायला संमती जरूर द्या, पण ती रक्कम वसुलीच्या क्रमात, म्हणजे चित्रपटाची कमाई ज्या क्रमाने वाटली जाते त्यात, विक्री प्रतिनिधीचे कमिशन, कर्जफेड, गुंतवणूकदारांचे मुद्दल आणि त्यावरचा ठरलेला परतावा यांपैकी कशाच्या आधी आणि कशानंतर येते, ते करारात स्पष्ट हवे. निव्वळ नफ्यातल्या वाट्यावर घरखर्च बेतू नका. इतक्या वजावटी झाल्यावर बहुतेक छोट्या चित्रपटांत तिथवर काही उरतच नाही. उरलेल्या रोख मानधनाचे हप्ते पूर्वतयारी, चित्रीकरण आणि संकलन यांत विभागून घ्या. शेवटचा हप्ता वितरकाकडे सर्व साहित्य सुपूर्द होईपर्यंत अडतो, तेव्हा तो लहानच ठेवलेला बरा.